डावखुऱ्याची बेस गिटार

डाव्या हाताने प्रसाद घेतला की घरातलं कुणी ना कुणी मुलाला टोकतंच. देवापुरता हा नियम पाळला तर पाळला, पण वाद्य शिकतानाही तोच लावायचा का? आमच्या निगडी प्राधिकरणात मुलाने गिटार मागितली की डावखुऱ्याच्या आईला हा प्रश्न पडतो. दुकानात टांगलेल्या गिटारी बहुतेक उजव्यांच्याच!

बेस गिटार म्हणजे या घराण्यातली खर्ज सांभाळणारी. तिला साधारणपणे चार जाड तारा असतात आणि तिचे सूर साध्या गिटारच्या जाड तारांहून सप्तकभर खाली असतात. गाण्यात ती चटकन लक्षात येत नाही, पण काढून टाकली तर आमटी अळणी लागावी तसं होतं.

“मग उलटी धरून वाजव की!” असं सांगणं सोपं आहे. पण उलटी धरली की तारांचा क्रम फिरतो. तारा बदलून लावाव्या, तर जाड तार बारीक तारेच्या खाचेत बसत नाही. आवाजाची बटणंही नेमकी हाताखाली येतात.

बीटल्सचा पॉल मॅकार्टनी डावखुरा. 1961 साली हॅम्बुर्गमध्ये त्याने हॉफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस घेतली. दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे डाव्या हातातही ती विचित्र दिसत नव्हती. 1972 मध्ये चोरीला गेलेली ही बेस परत मिळाल्याचं 2024 मध्ये जाहीर झालं. ती आतून पोकळ, म्हणून तिचा आवाज गोल, घुमणारा. पुढे त्याने वापरलेली रिकनबॅकर भरीव लाकडाची. तिचा आवाज जास्त स्पष्ट. म्हणजे बघा, आवाज ठरतो तो बांधणीवर, तारांवर, पिकअपवर आणि बोटांच्या आघातावर. हात डावा की उजवा, यावर नाही.

म्हणून मैत्रिणींनो, खरेदीआधी मुलाला नुसतं हवेत गिटार वाजवून दाखवायला सांगा. तार कुठल्या हाताने छेडतो ते पाहा. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने, फलंदाजी मात्र उजव्या हाताने करायचा! तसं तुमच्या मुलाचं असेल, तर उजवी गिटार खुशाल घ्या. नसेल, तर डावखुऱ्यांची मागवून घ्या. निवड कमी असते, थोडं थांबावंही लागतं. पण स्वस्त मिळाली म्हणून चुकीच्या हाताची आणू नका. शिकवणीत त्याला गुरुजींच्या समोर बसवा. आरशात पाहावं तसे त्यांचे हात त्याला दिसतील. एवढी सोय केलीत, की मुलाला हात सुधारायचा नसतो, सूर सुधारायचा असतो.