पानावरची काजळी पुसून पाहा

अंगणातल्या आंब्याची पानं काळी पडली की माणूस पहिल्यांदा दुकानात जाऊन ‘बुरशीचं औषध द्या’ म्हणतो. त्याआधी ओलं बोट पानावरून फिरवावं. काळा थर बोटाला लागला आणि खालून हिरवंगार पान निघालं, तर पैसे वाचले. ही बुरशी खरीच, पण ती पानात शिरलेली नाही. पानावर सांडलेल्या साखरेवर तिचं पोट भरतंय. नुकसान होतं ते ऊन अडल्यामुळे.

साखर सांडते कुठून? मान वर करून वरच्या फांद्या आणि पानांची पाठ तपासावी. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड, आंब्यावर तुडतुडे, यांपैकी कोणीतरी सापडतंच. ही मंडळी झाडाचा अन्नरस शोषतात. त्या रसात साखर मुबलक, पण किडीच्या वाढीला लागणारं नत्र अगदीच थोडं. ते पुरेसं मिळवायचं तर रस भरमसाट प्यावा लागतो आणि जादा साखर चिकट थेंबांनी बाहेर टाकावी लागते. त्या थेंबांवर कॅप्नोडियमसारख्या काळ्या बुरशी माजतात. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना हे नवीन नाही. काळ्या माशीमुळे बाग काळवंडते, तिला ते ‘कोळशी’ म्हणतात.

खोडावरून मुंग्यांची ये-जा दिसली तर निदान पक्कंच समजा. साखरेच्या लोभाने त्या किडीची राखण करतात, तिला खायला आलेल्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट बंद करावी: खोडाला जाड कागदाची पट्टी घट्ट गुंडाळून वर ग्रीस लावायचं (सालीवर थेट नको) आणि भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटायच्या. मग किडीवर पाण्याचा जोरदार फवारा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर कडुनिंबाचं तेल. उरलेल्या काजळीसाठी मैद्याची पातळ खळ छान काम करते. लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम मैदा शिजवून, गाळून, कडक उन्हाच्या दिवशी फवारली की वाळलेले पापुद्रे काजळीसकट गळून पडतात.

बोटाने पुसलं न जाणारं प्रकरण मात्र वेगळं. लिंबाच्या पानावर दोन्ही बाजूंनी उठलेले, खरखरीत, पिवळ्या कड्याचे ठिपके म्हणजे खैऱ्या. हा जिवाणूंचा रोग. वाऱ्यापावसाच्या शिंतोड्यांतून तो पसरतो, आणि नागअळीने पान पोखरलं असेल तर त्याला दारं उघडीच मिळतात. रोगट फांद्या कोरड्या दिवसांत कापून जाळाव्यात आणि नव्या पालवीवर बोर्डो मिश्रण फवारावं. फ्रान्समधल्या बोर्डो परिसरात चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींना मोरचूद आणि चुना फासत. त्या वेलींवर केवडा रोग येत नाही, हे 1882 मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं. त्या निरीक्षणातून हे मिश्रण घडलं.

घरच्यासाठी 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या दोन भांड्यांत, अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे कालवून मग एकत्र करावेत. त्यात लोखंडी सुरी क्षणभर बुडवावी. पात्यावर तांबूस थर आला तर तांबं मोकळं उरलंय, ते पानं जाळेल; चुना वाढवावा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. पडलेले डाग त्याने जात नाहीत, निरोगी पान तेवढं वाचतं.

आणि ठिपका नाही, काजळी नाही, नुसतीच नवी पानं पिवळी नि शिरा हिरव्या? मग फवारणीचा पंप खाली ठेवावा. ही लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. हिराकशीचा हलका फवारा तात्पुरता उतारा देतो. खरं काम आळ्यात कुजलेलं शेणखत घालण्याचं आणि पाणी साचू न देण्याचं. जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर हिराकस उपयोगाची नाही, तिथे बहुधा नत्र कमी पडलेलं असतं.