न दिसणारा सांधा

शाळा सुटल्यावर सायकलींच्या रांगेपाशीं एखादा विद्यार्थी मागील चाकाकडे पाहत खिन्न मुद्रेनें उभा दिसला, कीं काय झालें हें त्याला विचारावें लागत नाहीं. मग सायकल हातानें ढकलीत दुकानापर्यंत जाणें आलें. दुकानदार टायरची कड रिमेबाहेर काढतो, आंतील ट्यूब पाण्यांत बुडवून बुडबुड्यांवरून भोंक शोधतो, ती जागा कोरडी करून घांसतो, तिच्यावर सोल्यूशन लावतो. आणि लगेच ठिगळ न लावतां तो ओला थर सुकेपर्यंत स्वस्थ बसतो. त्याचें हें स्वस्थ बसणें कित्येकांस आळस वाटतें. तो आळस नव्हे, हें पुढील विवेचनावरून ध्यानांत येईल.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या नेहमींच्या टायरच्या दोन्ही कडांत तार असते. त्या कडा रिमेच्या कांठांत बसतात आणि आंतील ट्यूब फुगली कीं तेथेंच घट्ट दाबून धरल्या जातात. म्हणून हा टायर चिकटवावा लागत नाहीं. परंतु प्रारंभीं असें नव्हतें. 1888 सालीं बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तिचाकी सायकलीसाठीं हवेचा टायर तयार केला. त्यानंतरच्या पहिल्या टायरांचें कापडी आवरण चाकाभोंवतीं गुंडाळून चिकटवावें लागे. 1891 सालीं मिशेलिन बंधूंनीं काढतां घालतां येणारा टायर पुढें आणला, आणि त्याच वर्षीं पॅरिसपासून ब्रेस्टपर्यंत व परत अशी सुमारें 1200 किलोमीटरांची शर्यत शार्ल तेरों यानें त्याच टायरांवर जिंकली. सामान्य लोकांची सोय झाली. शर्यतींच्या जगांत मात्र चिकटविलेला टायरच पुढें दीर्घकाळ रूढ राहिला.

या टायरला ट्युब्युलर टायर म्हणतात. रबराची पातळ ट्यूब सुती किंवा रेशमी कापडाच्या आवरणांत घालून तें आवरण आंतल्या बाजूनें शिवून टाकतात, शिवणीवर कापडी पट्टी डकवितात आणि रस्त्यास लागणाऱ्या बाजूस रबराचा पट्टा लावतात. यांत तार नाहीं, म्हणून रिमेला अडकविण्याचे कांठ नकोत. उथळ पन्हळीसारखा खोलगट आकार पुरतो. त्यामुळें चाक हलकें होतें. अडचण एवढीच, कीं पंक्चर झाल्यास शिवण उसवून ट्यूब काढावी लागते. हें काम रस्त्यांत होण्यासारखें नसल्यामुळें पूर्वींचे स्वार एक सुटा टायर खांद्यांभोंवतीं तिढा देऊन अडकवीत असत.

आतां प्रश्न असा, कीं तार नाहीं, कांठ नाहींत, तर हा टायर चाकावर राहतो कसा? त्याला दोन शक्ति धरून ठेवतात. पहिली हवेची. आवरणाच्या कापडाचे धागे तिरपे असतात. हवा भरली म्हणजे टायर रुंदावतो आणि लांबींत आखडूं पाहतो. लोहारानें तापवून चढविलेली धांव निवतांच आखडून जशी बैलगाडीच्या चाकाला आवळते, तसाच हा टायर रिमेला आवळतो. दुसरी शक्ति चिकटद्रव्याची. सरळ रस्त्यावर पहिलीनें बरेंच काम भागतें. परंतु वेगानें वळण घेतांना टायरवर बाजूनें जोर येतो, आणि अशा वेळीं हवा गेली तर पहिली शक्ति नाहींशीच होते. मग स्वाराचा जीव त्या एका पातळ थरावर अवलंबून राहतो.

हा थर पुढीलप्रमाणें घालतात. प्रथम नवा टायर कोरड्याच रिमेवर चढवून, हवा भरून एक दिवस ठेवतात, म्हणजे तो ताणून सैल होतो. नंतर तो उतरवून रिम स्वच्छ पुसतात. तेलाचा एक डागही राहूं देत नाहींत. मग रिमेवर व टायरच्या पट्टीवर सोल्यूशनचा पातळ हात देतात आणि रात्रभर सुकूं देतात. रिमेवर असे दोन-तीन थर झाले, कीं शेवटचा ताजा हात देऊन, रिम जमिनीवर उभी धरून, वरच्या भोंकांत व्हॉल्व्ह घालतात. दोन्ही हातांनीं टायर खालीं ओढीत ओढीत बसवितात. थोडी हवा भरून तो सर्वत्र सरळ बसला कीं नाहीं हें पाहतात, मग पुरी हवा भरून निदान एक दिवस चाकाला हात लावीत नाहींत.

इतका वेळ कां? सोल्यूशन म्हणजे उडून जाणाऱ्या द्रवांत विरघळलेलें रबरासारखें द्रव्य. तो द्रव उडून गेल्यावरच थराला बळ येतें. एकच जाड थर दिला तर वरचा भाग सुकतो, आंतील द्रव कोंडून राहतो, आणि वरून पक्का दिसणारा सांधा आंतून मऊ असतो. पंक्चर काढणारा थांबतो तो याच कारणास्तव. बंदिस्त धावपट्टीवरील कांहीं स्वार सोल्यूशनऐवजीं कडक होणारें शेलॅक वापरीत. हें शेलॅक आपल्या देशांत कुसुम, पळस, बोर या झाडांवर होणाऱ्या लाखेपासूनच बनतें. ज्यांस एवढा वेळ नसतो ते दोन्ही बाजूंनीं चिकट असलेली तयार पट्टी रिमेवर लावतात. तिनें काम थोड्या तासांत होतें. परंतु रिमेची स्वच्छता तिलाही चुकत नाहीं.

या सांध्याचें महत्त्व 14 जुलै 2003 रोजीं सर्व जगानें पाहिलें. फ्रान्सच्या प्रसिद्ध सायकल शर्यतींत स्पेनचा होसेबा बेलोकी दुसऱ्या क्रमांकावर होता. गॅप गांवाकडे उतरणाऱ्या घाटांत उन्हानें डांबर वितळलें होतें. त्याचें मागील चाक घसरलें, पुन्हा एकाएकीं रस्त्याला धरलें, आणि टायर रिमेवरून निघाला. बेलोकीची मांडी, कोंपर व मनगट यांचीं हाडें मोडलीं. मागून येणारा लान्स आर्मस्ट्राँग रस्ता सोडून शेतांत शिरला म्हणून वांचला. उष्णतेनें चिकटद्रव्यही मऊ पडतें; आणि ज्या सायकलींचे ब्रेक रिमेवर दाबतात, त्यांची रिम लांब उतारावर पुष्कळ तापते. म्हणून जाणता कारागीर शर्यतीपूर्वीं टायरमधील हवा सोडून, अंगठ्यांनीं त्याची कड सर्व बाजूंनीं लोटून पाहतो. कोठेंही फट दिसली तर सर्व काम पुन्हा करतो.

आतां रस्त्यावरील शर्यतींत ट्यूबलेस टायर पुष्कळ रूढ झाले आहेत; तरी धावपट्टीवर आणि चिखलांतील शर्यतींत चिकटविलेला टायर अद्याप वापरांत आहे. त्यावर बसणारा स्वार तो थर पाहूं शकत नाहीं. ज्यानें तो घातला त्याच्यावर विश्वास ठेवून घाट उतरतो.

तेव्हां मित्रहो, पुढच्या वेळीं दुकानदार सोल्यूशन लावून स्वस्थ बसला, तर शाळेस उशीर होतो म्हणून त्याला घाई करूं नका. पालकांसही हीच विनंति. त्या दोन-चार मिनिटांतच खरें काम होत असतें.