घरातला प्राणवायू आणि शेजारच्या खोलीतला कापूस

दिवाळीनंतर बुलढाणा जिल्ह्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या घरी एक खोली कापसाने भरलेली असते. भाव चढेल या आशेने तो महिनोन् महिने तिथेच राहतो. त्याच घरात पऱ्हाट्यांच्या चुलीपुढे आयुष्य गेलेली, फुप्फुसांच्या जुन्या विकाराने थकलेली आजी असेल आणि डॉक्टरांनी तिला घरी प्राणवायू द्यायला सांगितले असेल, तर सिलिंडर कुठे ठेवायचा हा प्रश्न साधा राहत नाही.

प्राणवायू स्वतः जळत नाही. ‘गॅसचा सिलिंडर’ या शब्दामुळे स्वयंपाकाच्या गॅसशी त्याची गल्लत होते. मुले तर त्याला सर्रास ज्वालाग्राही ठरवतात. तो जळण्याला मदत करतो. हवेत तो 21 टक्के असतो. उरलेला बहुतेक नायट्रोजन ज्वलनात भाग न घेता उष्णता शोषून घेतो व ज्वालेला आवर घालतो. हा आवर सुटला की काय होते, ते परीक्षानळीत निखारलेली उदबत्ती घालून आपण दाखवतोच. 27 जानेवारी 1967 रोजी अपोलो-1 यानाची जमिनीवर चाचणी चालू असताना शुद्ध प्राणवायूत आग भडकली आणि तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

मग घरातली हवा किती बदलते? दहा फूट लांब, रुंद व उंच खोलीत सुमारे 28,000 लिटर हवा मावते. मिनिटाला 2 लिटर म्हणजे तासाला 120 लिटर. तेवढ्याने प्रमाण अर्धा टक्काही वाढत नाही. मात्र 1,500 लिटरचा लहान सिलिंडर झडप ढिली राहून बंद खोलीत रिकामा झाला, तर ते 25 टक्क्यांच्या घरात जाते. 23.5 टक्क्यांच्या पुढे हवा धोक्याची मानतात. म्हणून खिडकी उघडी हवी.

पण खरा धोका खोलीभर नसतो. तो नाकाजवळ, पदरात, उशीत असतो. नळी चालू ठेवून गोधडीवर टाकली की कापसाच्या तंतूंमधल्या पोकळ्यांत प्राणवायू साठतो. अशा गोधडीला बिडीची ठिणगी पुरते. चूल, निरांजन, उदबत्ती किमान 10 फूट दूर असावी. नळी काढल्यावरही चुलीजवळ जाण्यापूर्वी 20 मिनिटे तरी मोकळ्या हवेत बसावे. कापसाच्या खोलीत तर सिलिंडरही नको आणि रुग्णाची खाटही नको.

झडपेला तेल-वंगण कधीच लावू नये. तेलकट हातही नकोत. झडप झटक्याने उघडली तर सुमारे 150 वातावरणांच्या दाबाचा वायू पुढच्या अरुंद जागेत शिरून तिथला वायू एकदम दाबतो आणि तापवतो. सायकलचा पंप तापतो तसेच, पण कितीतरी पट. तिथे तेल असेल तर पेट घेते. ओठांना व्हॅसलीन लावू नये ते याच कारणाने.

मलकापूर-शेगावकडच्या उन्हाळ्याची भीती त्या मानाने कमी आहे. 27 अंशांवरून 45 अंशांवर गेल्यास दाब सुमारे 6 टक्के वाढतो, आणि सिलिंडर तेवढ्यासाठी बनवलेला असतो. तरी तो सावलीत, उभा, साखळीने बांधून ठेवावा. पडून झडप तुटली तर तो बाणासारखा सुटतो.

कॉन्सन्ट्रेटर हवेतला नायट्रोजन झिओलाइटच्या खड्यांत अडकवून 90 टक्क्यांहून अधिक शुद्ध प्राणवायू देतो, पण वीज गेली की थांबतो. पुरवठा तुटणे किती घातक ठरते हे 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीच्या गळतीने दिसले. 20हून अधिक रुग्ण दगावले. घरी जोडीला भरलेला सिलिंडर हवाच. 1,500 लिटरचा सिलिंडर मिनिटाला 2 लिटरने साडेबारा तास पुरतो. आजीला धाप लागली म्हणून प्रवाह मनाने 4 लिटर केला, तर तो सव्वासहा तासांतच संपेल. शिवाय अशा विकारात जास्त प्राणवायूने रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येऊ शकते. अशा बहुतेक रुग्णांत रक्तातली पातळी 88 ते 92 टक्के पुरेशी धरतात. प्रवाह किती ठेवायचा, ते डॉक्टरांनीच सांगायचे.