कालच्या पिठातून आजचा पाव

घरी दही कसं लावतात ते तुम्ही पाहिलंच असेल. कोमट दुधात आदल्या दिवशीचं चमचाभर दही घालायचं आणि भांडं झाकून ठेवायचं. सकाळी बघावं तर घट्ट दही तयार! त्या चमचाभर दह्याला आपण विरजण म्हणतो. पण पावालाही विरजण लावता येतं, हे ठाऊक आहे का तुम्हाला?

चला तर, असा पाव बघायला फ्रान्स देशात, पॅरिसला जाऊ या. तिथे शेर्श-मिदी नावाच्या रस्त्यावर एक छोटंसं दुकान आहे, 'पोआलान'. १९३२ साली पिएर पोआलान यांनी ते सुरू केलं. वर दुकान आणि खाली तळघरात लाकडांवर पेटणारी भट्टी. तिच्यात जवळजवळ दोन किलोचा एकेक गोल पाव भाजून निघतो. वरून जाड, खरपूस. आतून मऊ आणि किंचित आंबट. अशा पावाला 'सावरडो' म्हणतात.

त्यात घालतात तरी काय? दगडी जात्यावर दळलेलं पीठ, पाणी, समुद्राचं मीठ आणि आधीच्या खेपेचा राखून ठेवलेला आंबलेला गोळा. हेच पावाचं विरजण! त्यात डोळ्यांना न दिसणारे यीस्ट आणि जिवाणू असतात. यीस्ट पिठातली साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. त्याच्या बुडबुड्यांनी पीठ फुगतं. जिवाणू आम्ल तयार करतात, म्हणून पाव आंबटसर लागतो आणि बरेच दिवस टिकतो. भट्टीत पाव घालण्याआधी पुढच्या खेपेसाठी पुन्हा एक गोळा बाजूला काढतात. ही साखळी अगदी पहिल्या पावापासून चालत आली आहे, असं पोआलान कुटुंब सांगतं.

हळूहळू पॅरिसमध्ये पांढऱ्या, लांबुडक्या पावाची चलती झाली. पण पिएर यांनी आपला जुना, गोल पाव सोडला नाही. गरीब चित्रकारांकडे पैसे नसले, तर ते पावाच्या बदल्यात पावाचं चित्र काढून देत. ती चित्रं दुकानात लावलेली आहेत.

इथे सफरचंदाचे टार्ट मिळतात आणि लोण्यातली छोटी बिस्किटंही. बिस्किटांचं नाव काय, तर 'शिक्षा'! म्हणे एक आजी नातवंडांना "या, शिक्षा घ्या" म्हणून दरडावून बोलवायची आणि हातावर बिस्किटं ठेवायची. अशी शिक्षा कोणाला नको?

पिएर यांचा मुलगा लिओनेल चौदाव्या वर्षी भट्टीवर कामाला लागला. त्याने हा पाव जगभर पोहोचवला. पण २००२ साली हेलिकॉप्टरच्या अपघातात लिओनेल आणि त्यांची पत्नी, दोघंही गेले. त्यांची थोरली मुलगी अपोलोनिया तेव्हा फक्त अठरा वर्षांची होती. आता बेकरीचं काय होणार?

अपोलोनियाने लगेच कारभार हाती घेतला. वडिलांच्या देखरेखीखाली ती पीठ मळायला आणि भट्टी सांभाळायला शिकली होती ना! पुढे ती अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात शिकायला गेली. तिथे पहाटेचे चार वाजतात, तेव्हा पॅरिसमध्ये सकाळचे दहा वाजलेले असतात. तरीही अभ्यास सांभाळून ती तिथूनच बेकरीचं काम बघायची. २००७ साली ती पदवी घेऊन परतली. आज बेकरीची प्रमुख तीच आहे.

विचार करा, तिने आधी काही शिकूनच घेतलं नसतं तर? तुमच्याही घरात कोणाच्या तरी हातात एखादी कला असेल. आजीचं लोणचं असेल, बाबांचं सुतारकाम असेल, काकूंचं विणकाम असेल. येत्या सुट्टीत त्यांच्या शेजारी बसा आणि म्हणा, "मला शिकवा ना!"