मन आजारी पडलं तर सोबत कोण जाणार?

पोरगं तापाने फणफणलं तर शेजारीण पाणी घेऊन येते, रिक्षा बोलावते. तेच पोरगं महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलं, तर आपण म्हणतो, मोबाईलने बिघडलंय.

आमच्या वस्तीतला एक मुलगा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. विहाराच्या अभ्यासिकेत रोज यायचा, जयंतीच्या कामात पुढे असायचा. तो दिसेनासा झाला. आईने त्याच्या मनगटात कुठल्याशा बाबाचा दोरा बांधला होता. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरात! पण तिला दोष काय देणार, दुसरी वाट तिला कुणी दाखवलीच नव्हती.

आमच्या गटातली एक ताई त्याच गल्लीत राहते. शिक्षण बारावी, आमच्याकडे प्रशिक्षण घेतलेली. पहिल्या दोन भेटींत तिने काहीच विचारलं नाही. चहा घेतला, क्रिकेटवर बोलली. तिसऱ्या वेळी तोच बोलला. वर्गात 'कोट्यातला' म्हणतात, प्रॅक्टिकलला कुणी सोबत घेत नाही, शिष्यवृत्ती अडकलीय, झोप लागत नाही. ताईने सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का रे?" तो रडला आणि हो म्हणाला.

हा प्रश्न विचारायला आम्हीही आधी घाबरायचो. विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल असं वाटायचं. तसं होत नाही. उलट माणूस मोकळा होतो. 'हो' आलं, की त्याला एकटं सोडायचं नाही. ऐकलेलं आम्ही बाहेर बोलत नाही, पण जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगणार, हे आधीच सांगून ठेवतो. त्या रात्री मामा त्याच्याजवळ झोपला. ताईने १४४१६ लावला. ही टेली-मानस, सरकारची मोफत सेवा, २०२२ पासून चालू आहे. रात्रीही लागते, मराठीत बोलता येतं. सकाळी ती त्याच्यासोबत सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपरच्या रांगेत उभी होती.

खरी कसोटी पुढे लागली. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी आई म्हणाली, फरक नाही, बंद करते. ताई रोज संध्याकाळी जाऊन बसायची म्हणून गोळ्या चालू राहिल्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या मधेच सोडायच्या नाहीत. आमच्या ताया डॉक्टर नाहीत, आजाराचं नावही त्या सांगत नाहीत. पण गोव्यात 'संगाथ' संस्थेने साध्या, प्रशिक्षित माणसांकडून नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत बोलणं करून घेतलं आणि त्याचा गुण तपासून दाखवला.

कुणी सुचवलं, त्याला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला धाडा. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी येऊ नये, असं शिबिरवाले स्वतःच सांगतात. आधी डॉक्टरांना विचारा.

गोळीने झोप आली, भूक लागली. 'कोट्यातला' हा शब्द मात्र गोळीने जात नाही. म्हणून कॉलेजच्या समान संधी केंद्राकडे आम्ही त्याच्यासोबत लेखी अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर अजून आलेलं नाही. तो आठवड्यातून दोन दिवस कॉलेजला जातो. दोरा त्याने स्वतःच काढला. रविवारी वंदनेनंतर ताई अभ्यासिकेत बसलेली असते; परवा तो त्याच्या एका मित्राला तिच्याकडे घेऊन आला.