जोड-इंजिन बोट : असमान चालीचे निदान

सप्टेंबर २०२२ मधील अतिवृष्टीत बंगळुरूच्या बेळ्ळंदूर आणि आउटर रिंग रोड परिसरातील वसाहतींतून नागरिकांना ट्रॅक्टर व बोटींच्या साहाय्याने बाहेर काढावे लागले. कृष्णा-पंचगंगेच्या काठांनी २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत हाच अनुभव घेतला. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून झालेली जीवितहानी अद्याप विस्मरणात गेलेली नाही. पूरप्रवण गावांत आणि जलाशयांवरील मत्स्यव्यवसायात मोटारबोटीची देखभाल हा ट्रॅक्टरच्या देखभालीइतकाच महत्त्वाचा विषय झाला आहे.

बोटीवर दोन इंजिने बसविण्यामागे ताकदीइतकाच सुरक्षिततेचा विचार असतो. एक बंद पडले तरी दुसऱ्याच्या बळावर काठ गाठता यावा, हा त्यामागील हेतू. मात्र एक इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असताना दुसरे ४,२०० वर अडखळत असेल, बोट एका बाजूला ओढत असेल आणि चालकाला सुकाणू सतत उलट दिशेला धरून ठेवावे लागत असेल, तर तो हेतूच धोक्यात येतो. अशा वेळी घाईने सुटे भाग बदलण्याऐवजी क्रमाने निदान केल्यास वेळ व खर्च दोन्ही वाचतात.

नियंत्रण वाफा बोटीवरच असतो

खताच्या मात्रेचा परिणाम तपासताना शेजारी नियंत्रण वाफा ठेवला जातो आणि एका वेळी एकच घटक बदलला जातो. जोड-इंजिन बोटीत हा नियंत्रण वाफा आधीच तयार असतो. तो म्हणजे नीट चालणारे दुसरे इंजिन. जे कारण दोन्ही इंजिनांना समान लागू आहे, त्यातून दोघांमधील फरक उद्भवत नाही. शोध घ्यायचा तो दोघांत वेगळे असलेल्या गोष्टींचा.

बंगळुरूचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेमुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद किनारपट्टीच्या तुलनेत सुमारे एक दशांशाने घटते. कोकणात उत्तम चालणारी बोट तेथील तलावात मंद वाटली, तर ते अपेक्षितच आहे. एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा, म्हणजेच कमी पिचचा पंखा बसविणे हा त्यावरील उपाय. परंतु उंचीचा परिणाम दोन्ही इंजिनांवर सारखाच होतो. केवळ एकच इंजिन मागे पडत असेल, तर दोष उंचीला देता येणार नाही.

तपासणीचा क्रम

प्रथम मापकाची खात्री करावी. डाव्या व उजव्या इंजिनांचे फेरेमापक एकाच प्रकारचे असल्यास त्यांच्या जोडण्या परस्पर बदलून पाहाव्यात. कमी आकडा मापकासोबत सरकला, तर इंजिन निर्दोष आणि मापक सदोष ठरते.

त्यानंतर इंजिने बंद ठेवून दोन्ही थ्रॉटल दांडे पूर्ण पुढे सरकवावेत आणि इंजिनाजवळील झडप शेवटच्या टोकापर्यंत उघडते का, हे पाहावे. ताणलेल्या किंवा गंजलेल्या केबलमुळे एक झडप अर्धवट उघडी राहणे हे वारंवार आढळणारे कारण आहे.

तिसरी पायरी पंख्याची. तपासणीपूर्वी दोन्ही इंजिने बंद करून चाव्या व सुरक्षा-दोऱ्या काढून घेणे बंधनकारक मानावे. जलपर्णीची मुळे, जाळ्याचा नायलॉन धागा किंवा वाकलेले पाते यामुळे फेरे घटतात. उलट, फेरे वाढूनही बोट पुढे सरकत नसेल, तर पंख्याच्या मध्यभागातील रबरी बुश घसरत असण्याची शक्यता असते. दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरणारे व सारख्या मापाचे असल्यास ते परस्पर बदलून चाचणी घ्यावी. काही बोटींवर डावा व उजवा पंखा परस्परविरुद्ध दिशांना फिरतो; असे पंखे अदलाबदल करू नयेत.

चौथी पायरी इंधनाची. स्वतंत्र टाक्या असल्यास मंद इंजिनाला दुसरी टाकी जोडावी. चालत्या इंजिनाचा इंधननळीवरील रबरी फुगा दाबताच चाल सुधारली, तर इंधनपुरवठा अपुरा आहे. फुगा आत ओढला जाऊन चपटा होत असेल, तर अडथळा फुग्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला असतो. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू बंद राहिल्यानेही हेच घडते. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. दीर्घकाळ साठविलेल्या इंधनात पाण्याचे प्रमाण वाढल्यास पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी जमतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी जुने इंधन बदलून फिल्टर साफ करावा.

यानंतर प्लग काढून त्यांची तुलना करावी. फिकट तपकिरी प्लग सर्वसाधारणपणे योग्य ज्वलन दर्शवितो. काळा व ओला प्लग अपूर्ण ज्वलनाकडे निर्देश करतो. शेवटी कम्प्रेशन मोजावे. सिलिंडरांच्या मापांत १० ते १५ टक्क्यांहून अधिक तफावत असल्यास इंजिन उघडण्याचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडे सोपवावे.

थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार दोन्ही इंजिनांतून सारखी पडते का, हे प्रत्येक चाचणीत पाहावे. जलपर्णीने पाण्याची वाट अडल्यास इंजिन तापते. अनेक आधुनिक इंजिने अशा वेळी स्वतःहून ताकद कमी करतात. काठावर इंजिन पाण्याच्या पुरवठ्याविना चालविल्यास जलपंपाचे रबरी चक्र अल्पावधीत खराब होते.

फसवे लक्षण

एक इंजिन कमकुवत झाल्यास बोट पाण्याच्या पृष्ठभागावर उचलली जात नाही. मग निरोगी इंजिनावरील भार वाढतो आणि त्याचेही फेरे घटतात. दोन्ही इंजिने मंद दिसली, तरी दोष एकाच इंजिनात असू शकतो. म्हणून स्थिर पाण्यात, समान भार घेऊन, प्रत्येक इंजिन मध्यम गतीवर स्वतंत्रपणे चालवून पाहावे. न्यूट्रलमध्ये दोन्ही सारखी चालतात आणि भाराखाली फरक पडतो, असे दिसल्यास पंखा किंवा इंधनपुरवठा यांवर लक्ष केंद्रित करावे.

प्रवासात एक इंजिन निकामी झाल्यास ते शक्य असल्यास पाण्याबाहेर उचलावे, भार दोन्ही बाजूंना समतोल ठेवावा आणि दुसरे इंजिन पूर्ण थ्रॉटलवर न चालविता जवळचा काठ गाठावा. पुरात या स्थितीत नवे प्रवासी घेऊ नयेत.

नोंदवही आणि पूर्वतयारी

पूरप्रवण ग्रामपंचायती, मत्स्य सहकारी संस्था व विस्तार कार्यकर्त्यांनी मे महिन्यात प्रत्येक बोटीची भारासह चाचणी घ्यावी. पूर्ण थ्रॉटलवरील फेरे, पंख्याचे माप, इंधन भरल्याची तारीख, प्लगची स्थिती आणि कम्प्रेशनचे आकडे डाव्या-उजव्या इंजिनांसाठी समोरासमोरच्या दोन रकान्यांत नोंदवावेत. पुढील वर्षी दोन रकान्यांतील अंतर वाढलेले दिसले, तर बिघाडाची सूचना पाणी चढण्यापूर्वीच मिळते. विहिरीवरील दोन समान पंप किंवा एकाच बनावटीचे दोन फवारणी यंत्रसंच यांच्या बाबतीतही हीच पद्धत उपयुक्त ठरते : चांगले यंत्र प्रमाण मानावे, एका वेळी एकच भाग बदलावा आणि दोष कोणत्या भागासोबत सरकतो ते पाहावे.