पोलादी नळाचा सांधा : बळ आणि चिवटपणा

पोलादी नळाच्या सांध्याविषयी लिहिताना ‘बळकट’ हा शब्द पुष्कळदा सैलपणे वापरला जातो. वस्तुतः सांध्याचे बळ आणि त्याचा चिवटपणा हे दोन भिन्न गुण होत. ताण सोसण्याची शक्ती म्हणजे बळ. चीर पडलीच तर ऊर्जा शोषून घेऊन ती पसरू न देण्याची शक्ती म्हणजे चिवटपणा. खाच पाडलेल्या नमुन्यावर लंबकाचा आघात करण्याची, जॉर्ज शार्पी या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी कसोटी या दुसऱ्या गुणासाठी आजही वापरतात. त्याची उणीव किती महाग पडते, हे १९६० साली अमेरिकेत दिसून आले. तेथे एका वायुवाहिनीत सुरू झालेली ठिसूळ चीर सुमारे १३ किलोमीटर धावत गेली. पुढे पत्र्याचा चिवटपणा पुष्कळ सुधारला. मग सांध्यानेही मागे राहू नये, ही अपेक्षा ओघानेच आली.

मोठ्या व्यासाचा नळ करताना पत्रा दाबयंत्रात प्रथम ‘यू’ व नंतर ‘ओ’ या इंग्रजी अक्षरांच्या आकारात वाकवितात आणि त्याच्या कडा एकदा आतून व एकदा बाहेरून निमग्न चापाने जोडतात. (ही पद्धत १९३० च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातील मॅककीसपोर्ट येथे नळाच्या सांध्यासाठीच निघाली.) विद्युत् चाप अभिवाहाच्या दाणेदार थराखाली झाकलेला असतो व तेथे तार आणि पत्र्याच्या कडा एकत्र वितळतात. या वितळलेल्या धातूचा निम्म्याहून अधिक भाग पत्र्यातून येतो. उत्तम तार आणली की उत्तम सांधा झाला, हा समज म्हणूनच टिकत नाही.

धातू निवताना ऑस्टेनाइटचे मोठे, स्तंभाकार कण बनतात आणि साधारण ८०० ते ५०० अंश सेल्सिअस या टप्प्यात त्यांचे फेराइटमध्ये रूपांतर होते. हे रूपांतर कणसीमांवर सुरू झाले तर तेथे फेराइटच्या जाड पट्ट्या तयार होतात व चीर त्यांतून सहज वाट काढते. कार्बन वाढवून हे टाळू गेल्यास बळ मिळते, परंतु कठीण मार्टेन्साइट येऊन चिवटपणा हातचा जातो. इष्ट रचना निराळी आहे. कणाच्या पोटातच एकमेकांत गुंतलेल्या बारीक सुयांसारखा फेराइट उगवला, तर चिरेला पावलोपावली दिशा बदलावी लागते. आणि सुया बारीक असल्यामुळे बळही वाढते. दोन्ही गुण एकदम वाढविणारे उपाय धातुविज्ञानात फारच थोडे आहेत.

या सुयांना अंकुरण्यासाठी आधार लागतो, तो टिटॅनियमयुक्त ऑक्साइडांच्या सूक्ष्म कणांचा. एरवी अशुद्धी म्हणून हेटाळला जाणारा ऑक्सिजन येथे उपकारक ठरतो. मात्र त्याचे प्रमाण साधारणपणे ०.०२ ते ०.०४ टक्क्यांच्या आसपास हवे. आम्लधर्मी अभिवाहाने ते याहून बरेच वाढते, कण संख्येने व आकाराने मोठे होतात आणि चीर त्यांच्यापासूनच सुरू होऊ लागते. उलट पत्र्यातून ॲल्युमिनियम फार उतरला, तर तोच ऑक्सिजन बळकावतो व टिटॅनियमच्या वाट्याला काही उरत नाही. बोरॉनचे काम वेगळे. तो कणसीमांवर जमून तेथील फेराइटला अटकाव करतो. परंतु त्यासाठी तो मोकळा असावा लागतो. नायट्रोजनने त्याला बांधून टाकू नये, हेही टिटॅनियमच पाहतो. बोरॉनची मात्रा टक्क्याच्या काही सहस्रांशांइतकीच असल्याने येथील हिशेब फार नाजूक आहे.

सांध्यालगतच्या, न वितळलेल्या पण तापलेल्या पट्ट्यात हे उपाय पोचत नाहीत. सुमारे ११०० अंशांपुढे तेथील कण झपाट्याने वाढतात. पत्र्यात टिटॅनियम नायट्राइडचे सूक्ष्म कण असल्यास ही वाढ आवरली जाते. बाहेरच्या जोडाची उष्णता आतल्या जोडाच्या याच पट्ट्याला पुन्हा अर्धवट तापविते, आणि तेथे मार्टेन्साइट व ऑस्टेनाइट यांची लहान, ठिसूळ बेटे उरतात. ही जागा इतकी अरुंद असते की शार्पी नमुन्याची खाच एखाद्या मिलिमीटरने सरकली तरी आकडा बदलतो. खाचेची नेमकी जागा न सांगता दिलेल्या शोषित ऊर्जेच्या आकड्यावरून सांध्याची पारख करता येत नाही.